वेग काढून घेतल्यावर सुपरबाइकमध्ये काय उरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कराडला राहता, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६८ किलो. गेली चार वर्षे केटीएम आरसी ३९० चालवत आहात आणि आता कावासाकी झेडएक्स-१०आर, बीएमडब्ल्यू एस १००० आरआर, डुकाटी पानिगाले व्ही४ आणि सुझुकी हायाबुसा या चारपैकी रस्त्यासाठी सर्वांत योग्य कोणती, असे विचारता. वापर म्हणून तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत: रविवारी पहाटे महाबळेश्वर किंवा गगनबावडा, महिना-दीड महिन्यातून आंबोलीमार्गे गोवा, आणि अधूनमधून पत्नीला मागे घेऊन पुणे. शेवटी 'ताकदीच्या आकड्यांत फारसा फरक दिसत नाही, मग निवडायचे कशावरून?' असे एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

मी कोल्हापुरात बावीस वर्षे मोठ्या गाड्यांची दुरुस्ती आणि सस्पेन्शनची जुळणी करतो. गाड्या विकत नाही, त्यामुळे तुम्ही कोणती घ्यावी यात माझा नफा-तोटा नाही. मात्र घेतल्यानंतर सहा महिन्यांनी माणूस काय तक्रार घेऊन येतो, ते मी जवळून पाहिले आहे. त्या तक्रारींत 'गाडी कमी पळते' ही तक्रार मला आजवर एकदाही ऐकू आलेली नाही. मनगटे दुखतात, मांड्या भाजतात, खड्ड्यात रिम वाकली, बायको दुसऱ्यांदा मागे बसायला तयार नाही, या तक्रारी मात्र नेहमीच्या आहेत.

याचे कारण एकाच गोष्टीत आहे. सुपरबाइकचा जवळजवळ प्रत्येक भाग वेग गृहीत धरून बनवलेला असतो. बैठक, इंजिन, रेडिएटर, टायर, सस्पेन्शन, सगळे काही ठरावीक वेगाच्या पुढे गेल्यावरच आपापले काम नीट करू लागते. तो वेग काढून घेतला की हेच गुण चालवणाऱ्याच्या अंगावर येतात. रस्त्यावर तर तो वेग काढूनच घेतलेला असतो: केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर मोटारसायकलची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि शहरात व इतर रस्त्यांवर ६०. शिवाय ज्या रस्त्यांवर या गाड्या शोभल्या असत्या, ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू दुचाकींना बंदच आहेत. मुंबईला जायचे झाले तर २०० पीएसची (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती) गाडीही जुन्या बोरघाटातूनच न्यावी लागते. म्हणून या चौघींची तुलना त्यांच्या कमाल वेगावर न करता, वेग काढून घेतल्यावर कोणतीत किती चांगुलपणा शिल्लक राहतो, यावर केली पाहिजे.

आधी इंजिनाचे पाहू, कारण आकड्यांचा घोळ तिथेच होतो. जागतिक सुपरबाइक शर्यतीत चार सिलिंडरच्या गाड्यांना १,००० सीसीची मर्यादा आहे. झेडएक्स-१०आर ९९८ सीसीची आणि एस १००० आरआर ९९९ सीसीची असते ती त्यामुळेच. आकारमान वाढवता येत नसेल तर ताकद वाढवायचा मुख्य मार्ग म्हणजे इंजिन अधिक वेगाने फिरवणे. परिणामी टॉर्कचे, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचे, शिखर वर वर सरकत जाते. २०२१च्या झेडएक्स-१०आरची ताकद २०३ पीएस आहे आणि ११४.९ न्यूटन-मीटरचा सर्वाधिक टॉर्क मिनिटाला ११,४०० फेऱ्यांवर मिळतो. तुम्ही महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये ऐंशीने चाललात तर इंजिन चार हजारांच्या आसपासच असते, म्हणजे ज्या सुगीसाठी पैसे मोजले ती कापायची वेळ कधी येतच नाही. पहिला गिअर शेवटपर्यंत ओढला तर या वर्गातील गाड्या दीडशेच्या घरात जातात. अर्थात, कायद्याची मर्यादा पहिल्याच गिअरमध्ये, निम्मे इंजिन वापरून संपते. उरलेले पाच गिअर आणि निम्मे इंजिन रस्त्यावर नुसते वाहून न्यायचे असते.

बीएमडब्ल्यूने २०१९मध्ये एस १००० आरआरला शिफ्टकॅम ही रचना दिली. हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे, असतात आणि ९,००० फेऱ्यांच्या आसपास एकाकडून दुसऱ्याकडे बदल होतो. त्यामुळे ५,५०० पासून १४,५०० फेऱ्यांपर्यंत १०० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क मिळतो, असे कंपनी सांगते. सर्वाधिक आकडा ११३ म्हणजे झेडएक्सपेक्षा किंचित कमीच आहे, तरीही आंबोलीत एसटीच्या मागून तिसऱ्या गिअरमध्ये बाहेर काढताना बीएमडब्ल्यू जास्त तत्पर वाटते, त्याचे कारण हा खालचा भरणा. डुकाटीने दुसरी वाट धरली. २०१८मध्ये आलेल्या रस्त्यावरच्या पानिगाले व्ही४ला १,१०३ सीसीचे इंजिन दिले आणि शर्यतीच्या नियमांत बसणारी ९९८ सीसीची व्ही४ आर वेगळी ठेवली. रस्त्यावर टॉर्क लागतो, ही कबुली शर्यतीच्या वेडात वाढलेल्या कंपनीनेच अशी दिली आहे. तरीसुद्धा त्या गाडीचा सुमारे १२४ न्यूटन-मीटरचा टॉर्क पहिल्या आवृत्तीत १०,००० फेऱ्यांवर होता.

हायाबुसा या मांडवातली नाहीच. १९९९मध्ये ती १,२९९ सीसी घेऊन आली तेव्हापासून तिला कोणत्याही शर्यतीच्या नियमात बसायचे नव्हते, फक्त रस्त्यावर सर्वांत वेगवान व्हायचे होते. त्या स्पर्धेलाही लवकरच ताशी ३०० किलोमीटरचा अलिखित लगाम बसला. २००८मध्ये इंजिन १,३४० सीसीचे झाले आणि ताकद १९७ पीएसवर गेली. २०२१ची तिसरी पिढी आली तेव्हा पीएस १९७वरून १९०वर उतरले होते. अनेकांनी नाके मुरडली, पण ती गाडी चालवून पाहिल्यावर माझे मत उलट झाले. १५० न्यूटन-मीटर टॉर्क ७,००० फेऱ्यांवर मिळतो आणि त्याच्या खालीही भरपूर शिल्लक असतो. चौथ्या गिअरमध्ये चाळीसने जाताना मूठ पिळली की ती तक्रार न करता उचलते. सहाव्यातही फारशी कुरकुर नाही.

आता बैठक. आरसी ३९०वर तुम्हाला वाकून बसण्याची सवय आहे, म्हणून हा मुद्दा तुम्ही हलका धराल, पण आकाराने मोठ्या गाडीवर त्याचा हिशेब बदलतो. खालचे हँडल आणि वर-मागे गेलेले फूटरेस्ट ही बैठक समोरून येणाऱ्या वाऱ्याने छाती उचलून धरावी या अपेक्षेने आखलेली असते. एकशे तीस-चाळीसला तो वारा खरोखर वरच्या अंगाचा भार घेतो आणि मनगटे मोकळी होतात. साठ-सत्तरला वारा नसतो, आणि तो सगळा भार दोन तळहातांवर उतरतो. खंबाटकीत वाहने अडकली की पंधरा मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या येऊ लागतात. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरून पोट आणि कंबर वापरायला शिकल्यास निम्मा त्रास जातो. उरलेला निम्मा बैठकीचाच असतो, तो जात नाही. चौघींत हायाबुसाची बैठक सर्वांत सौम्य असली तरी तिचीही टाकी लांब आहे आणि तुमच्या उंचीला हात जरा ताणूनच धरावे लागतील.

उंचीचे म्हणाल तर हायाबुसाची सीट ८०० मिलिमीटरवर आहे, बाकीच्या तिघी साधारण ८२५ ते ८५० मिलिमीटरच्या पट्ट्यात येतात. पण सीटच्या उंचीपेक्षा वजन कुठे आहे ते पाहा. एस १००० आरआर १९७ किलोची आणि झेडएक्स-१०आर २०७ किलोची, तर हायाबुसा २६६ किलोची आहे. चालताना हे वजन लपते. पेट्रोलपंपाच्या उतारावर, तेल सांडलेल्या फरशीवर, डावा पाय टेकताना ते एकदम प्रकट होते. माझ्याकडे येणाऱ्या हायाबुसांपैकी बऱ्याचशा उभ्या जागी पडलेल्या असतात, आणि पडल्यावर फेअरिंगचे, म्हणजे बाहेरच्या आवरणाचे, जे बिल येते त्यात एक चांगली जुनी स्कूटर येईल.

उष्णतेचे दोन शब्दांत सांगतो. दोनशे पीएसचे इंजिन रिकामे फिरतानाही भरपूर उष्णता टाकते आणि तिला बाहेर नेणारा वारा गाडी उभी असताना नसतो. पंखा सुरू झाला की तो गरम झोत सरळ गुडघ्यांवर येतो. डुकाटीच्या व्ही४मध्ये मागचे दोन सिलिंडर नेमके मांड्यांमध्ये येतात, म्हणून गाडी थांबलेली असताना इंजिन तापले की ते दोन सिलिंडर आपोआप बंद ठेवण्याची सोय कंपनीला करावी लागली. ती सोय काम करते, तरीही मे महिन्यात स्वारगेटच्या सिग्नलला तुम्हाला तिचे फारसे कौतुक वाटणार नाही.

सस्पेन्शनवर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझे पोट त्यावर चालते आणि कारण आपल्या रस्त्यांवर गाडी योग्य की अयोग्य हे निम्मे तिथेच ठरते. या गाड्यांच्या पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा, वर-खाली प्रवास साधारण १२० मिलिमीटर असतो. तुम्ही बसल्यावर त्यातले पस्तीस-चाळीस मिलिमीटर वजनानेच खाली जातात. उरलेल्या ऐंशी मिलिमीटरांत ब्रेक मारल्यावर पुढे येणारे वजन आणि समोरचा खड्डा, दोन्ही बसवायचे असतात. त्यात टायरची भिंतही बुटकी. १२०/७० मापाच्या पुढच्या टायरची भिंत ८४ मिलिमीटर भरते, आणि हायाबुसाच्या १९०/५० मापाच्या मागच्या टायरची ९५. ब्रेक दाबलेला असताना पुढचे चाक बोटभर खोल, कडा तुटलेल्या खड्ड्यात गेले की फोर्क आधीच खाली बसलेला असतो आणि उरलेला धक्का टायर थेट रिमला देतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो: खड्डा चुकत नसेल तर ब्रेक त्याच्या आधी मारा आणि चाक आत जाण्यापूर्वी सोडून द्या. मी स्वतः हे विसरलो होतो. निपाणीच्या पुढे रात्री एका लिटर-वर्गाच्या (म्हणजे हजार सीसीच्या आसपासच्या) गाडीची पुढची रिम अशीच वाकवली, आणि नवी रिम परदेशातून येईपर्यंत दोन महिने ती गाडी दुकानात स्टँडवर उभी होती.

दुसरी गोष्ट म्हणजे कारखान्यातून आलेली जुळणी. शोरूममधून गाडी जशी मिळते तशीच लोक वर्षानुवर्षे चालवतात. ती जुळणी सरासरी युरोपीय चालक आणि गुळगुळीत रस्ता समोर ठेवून केलेली असते. तुम्ही ६८ किलोचे आहात, हेल्मेट-जाकीट धरून ७५च्या आसपास, त्यामुळे तुम्हाला बहुधा ती कडकच वाटेल. ती तपासायला मोठ्या दुकानाची गरज नाही. चाक जमिनीवरून उचलून एक माप घ्यायचे, मग पूर्ण पोशाखात गाडीवर बसून, कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगून, दुसरे माप घ्यायचे. दोन्हींतला फरक रस्त्यासाठी मागे ३० ते ३५ आणि पुढे ३५ ते ४० मिलिमीटर असावा. कमी असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सैल करायचा. त्यानंतर कॉम्प्रेशन डॅम्पिंग, म्हणजे सस्पेन्शन दबताना होणारा अटकाव, दोन-दोन क्लिक सैल करत जायचे आणि प्रत्येक वेळी त्याच रस्त्याचा तोच तुकडा चालवून पाहायचा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच 'ही गाडी दगड आहे' म्हणणारा माणूस गाडी विकायचा विचार सोडतो. काही गाड्यांच्या वरच्या आवृत्त्यांत इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन मिळते आणि ते बटणावर मऊ होते. आपल्या रस्त्यांसाठी या सगळ्या गाड्यांवरच्या इलेक्ट्रॉनिक साधनांपैकी ज्यावर जास्तीचे पैसे घालावेत असे मला वाटते ते हे एकच. जागेवरून झपाट्याने सुटण्यासाठीचे लाँच कंट्रोल तुम्ही मित्रांना दाखवायला एकदा वापराल, तेही रिकाम्या मैदानात वापरावे.

जमिनीपासूनची उंचीही मोजून घ्या. हायाबुसाची १२५ मिलिमीटर आहे आणि चाकांमधले अंतर १,४८० मिलिमीटर. मागे माणूस बसला की सस्पेन्शन खाली बसते आणि गावागावांतले हौशीने बांधलेले गतिरोधक तिच्या पोटाला लागतात. ते तिरके ओलांडावे लागतात, आणि मागून येणारा टेम्पोवाला ते का हे समजून घेत नाही.

टायरबाबत एकच सांगतो. या गाड्यांबरोबर अनेकदा ट्रॅककडे झुकलेले टायर येतात. ते गरम झाले की चिकटतात, पण रस्त्यावरच्या वेगाने, विशेषतः डिसेंबरच्या पहाटे पाचगणीच्या वाटेवर, ते गरम होतच नाहीत. पावसाळ्यात आंबोलीत लाल मातीचा चिखल रस्त्यावर उतरतो, तिथे त्यांच्यावर विश्वास टाकणे चूक आहे. पहिला संच संपला की स्पोर्ट-टुरिंग जातीचे टायर घाला. पकड तुम्हाला कमी पडणार नाही, आणि माझ्याकडच्या गाड्यांच्या अनुभवाने आयुष्यही जवळजवळ दुप्पट मिळते.

आता ताकदीच्या सुरक्षिततेचा मुद्दा, जो तुम्ही विचारलेला नाही. वळणातही ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारे कॉर्नरिंग एबीएस, मागचे चाक जागेवर फिरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल, ताकद सौम्य करणारे मोड हे सगळे या चौघींत आहे आणि ते उत्तम आहे. पण ते घसरणे रोखते, कोरड्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर फारसे कमी करत नाही. हिशेब करून पाहा. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक मारले आणि संकट लक्षात येऊन हात हलायला एक सेकंद धरला, तर ताशी ८०वरून गाडी साधारण ५० मीटरमध्ये थांबते. १६०वरून तेच अंतर दीडशे मीटरच्या पुढे जाते. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. आपल्या भागात नोव्हेंबरपासून गळीत हंगाम चालतो, आणि कराड ते कागलपर्यंत रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर बिनदिव्याचे, बिनरिफ्लेक्टरचे चाललेले असतात. डिपर उजेडात तो ऊस दिसतो तेव्हा दीडशे मीटर उरलेले नसतात. आरसी ३९०ला शंभर-एकशे दहाला तुम्हाला वेग जाणवतो, कारण इंजिन ओरडत असते. लिटर-वर्गाच्या गाडीला एकशे साठला काहीच जाणवत नाही, आणि घात तिथे होतो. ४३ पीएसवरून थेट २०० पीएसवर जाणाऱ्याला माझा इशारा मुठीच्या ताब्याबद्दल कमी असतो आणि या न जाणवण्याबद्दल जास्त.

इतके सांगितल्यावर तुमच्या चार गाड्यांकडे येतो. पानिगाले व्ही४ ही मी हाताळलेल्या गाड्यांत सर्वांत सुंदर बांधणीची गाडी आहे आणि तुमच्या वापराला सर्वांत कमी योग्य आहे. पत्नीला घेऊन पुणे हा प्रवास तिच्यावर होणार नाही. मागची सीट नावापुरती आहे. देखभालीत एक गैरसमज मात्र दूर करतो: व्हॉल्व्हची मोठी तपासणी दर २४,००० किलोमीटरला येते, म्हणजे लोक घाबरवतात तितक्या लवकर नाही. पण ती आली की खर्च मोठा असतो. झेडएक्स-१०आर प्रामाणिक आणि टिकाऊ आहे. २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षे जोनाथन रे याने जागतिक सुपरबाइक अजिंक्यपद कावासाकीवर जिंकले, त्यामागची हीच गाडी, आणि भारतातली कावासाकी आपल्या चाकणची. पण तिचा जीव वरच्या फेऱ्यांत आहे, आणि तुमच्या तीन वापरांपैकी एकाही ठिकाणी तुम्ही तिथे पोहोचणार नाही. वर्षातून दोन-तीनदा चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर जाणार असाल तर हे वाक्य मी मागे घेतो, आणि तेव्हा तीच पहिली शिफारस ठरते.

एस १००० आरआर ही लिटर-वर्गात रस्त्याला सर्वांत जास्त मानवणारी गाडी आहे. खालचा टॉर्क, कमी वजन, क्रूझ कंट्रोल, गरम होणाऱ्या मुठी या सगळ्यांत रस्त्याचा विचार दिसतो. गरम मुठी कराडला कशाला, असे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे, पण जानेवारीत पहाटे वाईहून घाट चढताना तुम्ही मला आठवाल. तुम्ही एकटेच फिरणार असता तर मी इथेच थांबलो असतो.

पण तुम्ही एकटे फिरणार नाही. या चौघींतलीच हवी असेल तर तुमच्या लिहिलेल्या वापराला हायाबुसा. गोव्यापर्यंतचा रस्ता ती सर्वांत कमी थकवून पार करते, मागे बसणाऱ्याला खरी सीट देते, इंजिन अनेक वर्षे जवळजवळ त्याच रचनेचे असल्याने त्याचे दुखणे-खुपणे सगळ्यांना माहीत आहे, आणि २०१६पासून जुळणी भारतातच होत असल्याने सुट्या भागांची वाट तुलनेने कमी पाहावी लागते. तिचा तोटा वजन हाच आहे. आंबोलीच्या आवळत्या वळणांत ती तुमच्याकडून काम करून घेईल, आणि भुदरगड-आजऱ्याच्या बाजूला अरुंद रस्त्यावर यू-टर्न घ्यायचा झाला तर खाली उतरून ढकलण्यात कमीपणा मानू नका, मीही तेच करतो.

यादीबाहेरचे एक नाव सुचवतो, रागावू नका. कावासाकीची निंजा ११००एसएक्स. १,०९९ सीसी, १३६ पीएस, म्हणजे कागदावर तुमच्या यादीतल्या सर्वांच्या मागे. पण ११३ न्यूटन-मीटरचा टॉर्क ७,६०० फेऱ्यांवर मिळतो. झेडएक्स-१०आरचा जवळजवळ तेवढाच टॉर्क ११,४०० वर मिळत होता, हे वर लिहिलेच आहे. रस्त्यावर चालवताना ही गाडी त्यामुळे कित्येकदा झेडएक्सपेक्षा जोरकस वाटते. हँडल उंच आहे, मागची सीट माणसासाठी आहे, पिशव्या लावता येतात. तिच्यात उणीव एकच, ती म्हणजे सिग्नलला कॉलेजची मुले फोटो काढायला थांबत नाहीत. हा मुद्दा मी चेष्टेने लिहीत नाही. त्या फोटोसाठी गाडी घेणे यात काही गैर नाही, फक्त तसे असेल तर स्वतःशी मान्य करून पानिगाले घ्यावी आणि मग मांड्या भाजल्याची तक्रार करू नये.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तुम्हालाच तपासाव्या लागतील. त्या-त्या कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र कराडहून किती लांब आहे, आणि गाडी बंद पडली तर तिथे कशी नेणार, हे आधी विचारा. लिटर-वर्गाची गाडी छोटा हत्तीत नीट बांधून नेणारा माणूस शोधणे हेच एक काम असते. ३५० सीसीवरच्या दुचाकींवर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ४० टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या गाड्यांचे भावही वर धरले जातात. जुनी घेत असाल तर किलोमीटरच्या आकड्यापेक्षा रिमची कड, फोर्कच्या नळ्या आणि हँडलचे वळणे अडवणारे स्टॉपर पाहा. गाडी पडली असेल तर स्टॉपरवर ठोकल्याची खूण राहते, आणि ती रंगाने झाकलेली असली तरी नखाला लागते. आणि बजेट ठरवताना गाडीच्या किमतीतून पहिल्या वर्षाचा विमा, टायरचा एक संच आणि चांगला पोशाख वजा करून उरेल त्यात गाडी बसवा.

ट्रायल घेताना शोरूमवाले तुम्हाला सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, थंड इंजिन देऊन पाठवतील. ती ट्रायल घेऊ नका. दुपारी बाराला मागा, आणि गर्दीतून निदान अर्धा तास, पंखा दोन-तीनदा सुरू होईपर्यंत चालवा. एक जागा शोधून यू-टर्न घ्या, एका उतारावर थांबून गाडी मागे ढकलून पाहा. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवर येऊन, गिअर न बदलता मूठ पिळून एक ट्रक मागे टाका, आणि गाडी किती वेळ विचार करते ते मोजा. मग पत्नीला मागे बसवून वीस मिनिटे फिरा आणि उतरल्यावर कोणती घेऊ असे न विचारता फक्त 'गोव्यापर्यंत बसशील का?' एवढेच विचारा. चारही गाड्यांवर हे करून त्यांची उत्तरे मला कळवा; सस्पेन्शनची मापे कशी घ्यायची यात अडलात तर तेही लिहा, गाडी कोल्हापूरला आणलीत तर समोर करून दाखवीन.